गाळाला वास नव्हता

खाडीच्या तळाचा गाळ भरून नळी वर आली. कप्तानाने ती दोन्ही हातांनी सरळ धरली, तिने वरचं रबरी बूच फिरवून काढलं, सवयीने नाक पुढे केलं, आणि वास आला नाही. ती तशीच वाकून राहिली. इंजिन बंद होतं, वारा पडलेला होता, होडी जागच्या जागी डुचमळत होती. वास वाऱ्याने नेला म्हणावं तर तेही नाही. तिने तोंडाने श्वास सोडला आणि पुन्हा नाकाने घेतला. थंड, ओलसर काहीतरी आत गेलं, बस. उन्हाळ्याच्या शेवटी या खाडीचा तळ वर काढला की सडक्या अंड्यांचा भपकारा येतो, हे तिला स्वतःच्या पत्त्याइतकं पाठ होतं. पहिल्या वर्षी तर तिने होडीच्या कडेवरून ओकारी काढली होती आणि तिचे सर म्हणाले होते, छान, यंत्र चालू आहे! सरांच्या मते नाक हे समुद्राचा अभ्यास करणाऱ्याचं पहिलं यंत्र. फुकट मिळतं, पाण्यात पडत नाही, दुरुस्तीला पाठवावं लागत नाही. पाठवता येत नाही, हे मात्र सर बोलले नव्हते.

"काय झालं, बाई? गाळ कमी आला का?" कप्तानाने विचारलं.

"नाही. चांगला आलाय."

"मग नळीतनं सासूबाई निघाल्यासारखं काय बघताय?"

ती हसली. हसताना तिच्या मनात आलं की याला विचारावं, तुम्हाला वास येतोय का. एवढासा प्रश्न. पण तो ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला, आणि का थांबला हे तिला लगेच कळलंही नाही. कप्तानाने सिगरेट पेटवली. "मला विचारून उपयोग नाही म्हणा," तो आपणहून म्हणाला, "माझं नाक कधीच गेलंय. आता नुसतं चष्मा टेकवायला ठेवलंय." मग तो नांगर ओढायला गेला आणि ती नळी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून बसली, कारण नळी आडवी होऊन चालत नाही, हिंदकळून चालत नाही, गाळाच्या सगळ्यांत वर दुधावरच्या सायीसारखा एक मऊ थर असतो, तो एकदा ढवळला गेला की झालं, वर्षभराची गोष्ट पाण्यात मिसळून जाते. सायीसारखा, असं मनात आलं आणि त्या शब्दामागून सकाळ आली.

सकाळी दूध करपलं होतं. ती शेगडीपाशी उभी होती, पातेल्यापासून हातभर अंतरावर, दुपारच्या बैठकीत काय बोलायचं ते मनात जुळवत. नवरा आंघोळ अर्धी टाकून टॉवेल गुंडाळून धावत आला. "अग, अख्खं घर करपलंय आणि तू खिडकीतनं बघत काय बसलीयेस!" त्याने शेगडी बंद केली, पातेलं सिंकमध्ये ठेवलं, त्यावर पाणी सोडलं, चर्र झालं. ती म्हणाली, "लक्ष नव्हतं." तो म्हणाला, "तुझं लक्ष समुद्राच्या तळाशी असतं, दुधाने काय करावं बिचाऱ्याने." दोघं हसली होती. लक्ष नव्हतं हे खरंच होतं. पण वास लक्ष मागत नाही. तो विचारून आत येत नाही. ती हातभर अंतरावर उभी होती आणि नवरा दोन दारांपलीकडे, साबणाच्या फेसात.

कामावर तिला 'नाक' म्हणतात. तोंडावर बाई, पाठीमागे नाक. आणि पाठीमागचं नाव तिला ठाऊक आहे हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तशी ती नाकासमोर चालणारी, कुणाच्या कामात नाक न खुपसणारी, नवख्याच्या चुकीवर नाक न मुरडणारी बाई. हे नाव तिला मिळालं ते कमावून. बूच काढताक्षणी ती सांगायची, तळाशी ऑक्सिजन आहे, संपत आलाय, संपून महिना झालाय. आणि मग यंत्र तासाभराने तेच सांगायचं. बंदराचे लोकसुद्धा गमतीने विचारायचे, यंदा नाक काय म्हणतंय? ती म्हणायची, नाक म्हणतंय, नळी आत न्या. तिला या नावाचा थोडा अभिमान होता, आणि तो कधी कुणाला दिसला नसेल अशी तिची खात्री होती.

होडी फिरली. किनाऱ्यावरचे उंच दिवे आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कारखान्याच्या गोल टाक्या हळूहळू मोठ्या व्हायला लागल्या. तो कारखाना झाला तेव्हा शहराने सुटकेचा निःश्वास टाकला होता. आता समुद्र स्वच्छ होणार. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा हिरवं झालं, तिसऱ्या उन्हाळ्यातही, मासे पुन्हा पोट वर करून किनाऱ्याला लागले, आणि लोकांनी कारखान्याला नावं ठेवायला सुरुवात केली. तेव्हापासून ती एकच गोष्ट सांगत आलीय, शाळांमधून, सभांमधून, एकदा तर केस कापायला बसली असताना कात्रीखालून. की वरून येणारी घाण थांबली तरी खाली साठलेली आहे. शेवाळ फुगतं, मरतं, तळाशी बसतं. ते कुजायला ऑक्सिजन लागतो, तो संपतो. गाळातल्या लोखंडाने फॉस्फरस घट्ट धरून ठेवलेला असतो. ऑक्सिजन संपला की लोखंडाची पकड सुटते आणि फॉस्फरस पुन्हा वर पाण्यात येतो. तो खाऊन पुन्हा शेवाळ. बाहेरून कुणी काही न घालता हे रहाटगाडगं फिरत राहतं. थांबणार कधी? गाळाचा वरचा पापुद्रा पुन्हा श्वास घ्यायला लागेल तेव्हा. आणि तो घ्यायला लागलाय हे कळणार कसं? इथे ती नेहमी थांबायची आणि म्हणायची, तेव्हा वास येणार नाही.

इतकी वर्षं ती हेच वाक्य बोलत होती. आणि आज ते गुडघ्यांमध्ये उभं होतं.

नळी पारदर्शक होती. तिने पाहिलं. गाळाच्या माथ्यावर, जिथे दरवर्षी काळ्यावर पांढरी बुरशीसारखी जाळी पसरलेली असायची, तिथे तपकिरी रंग होता. पातळच, नखाच्या जाडीचा असेल, पण तपकिरी. त्याखाली तोच जुना काळा, डांबरासारखा. गेल्या वर्षी वादळामुळे गाळ काढायची फेरी हुकली होती, त्यामुळे दोन उन्हाळ्यांत कधीतरी हे झालं असणार, कुणाला न सांगता. आनंद तिच्या पोटातून वर यायला निघाला आणि मध्येच अडला, एखादा ओळखीचा माणूस जिन्यात भेटावा आणि दोघांनाही कुणी आधी वळायचं ते कळू नये तसा. कारण रंग तिने वासानंतर पाहिला होता. आता ती म्हणू शकत होती, तपकिरी आहे म्हणून वास नाही. सगळं जुळत होतं. पण समुद्र बरा झाला म्हणजे तिचं नाक शाबूत आहे असं होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: वास नाही, आणि असता तरी तिला आला नसता.

आई पातेलं तिच्या नाकाखाली धरायची. "बघ ग, तुला कळतं का?" दूध नासलंय की चांगलं आहे, तेल खवट झालंय का, धुतलेल्या चादरीला दमट वास राहिलाय का. ती तेव्हा कॉलेजात होती आणि तिला वाटायचं, आई शिकवतेय, परीक्षा घेतेय. ती ऐटीत सांगायची, नासलंय. आई म्हणायची, "शाबास, बरोबर." थोरल्या बहिणीला विचारायची, बाबांना विचारायची, शेजारणीला विचारायची, प्रत्येकाला वेगळ्या निमित्ताने, कुणालाही दोनदा लागोपाठ नाही. फुलं दिसली की म्हणायची, काय छान वास सुटलाय. पाऊस खिडकीतून दिसला की म्हणायची, मातीचा वास बघ. कितीतरी वर्षांनी, आई चाव्या फ्रीजमध्ये ठेवू लागली तेव्हा, डॉक्टरांनी आईच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तिच्या नाकाखाली एकेक बाटली धरली. कॉफी, साबण, संत्र्याची साल. आईने प्रत्येक वेळी हसून विचारलं, बाटलीत काही आहे का? डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या या आजारात काही जणांचं नाक आधी जातं, खूप आधी. आणि बरं का, माणसाला पत्ता लागत नाही, कारण डोळ्यांना वस्तू दिसली की आठवण वास पुरवते. ते वाक्य त्यांनी सहज म्हटलं होतं आणि पुढच्या कागदावर सही केली होती. ती मात्र ते घेऊन घरी आली. म्हणजे परीक्षा नव्हती. आई उत्तरं गोळा करत होती.

म्हणून कप्तानाला विचारता आलं नाही. तुम्हाला वास येतोय का, हा प्रश्न तिच्या तोंडून कुणाच्या आवाजात निघाला असता ते तिला आता कळलं.

धक्क्यावर फॉस्फरस उभा होता. तिचा सहकारी, पंधरा-सोळा वर्षं एकाच खोलीत, एकाच थंडीत काम करणारा रसायनतज्ज्ञ. तो आयुष्यभर पाण्यातला फॉस्फरस मोजत आला आणि फॉस्फरससारखाच हवेत आणला की भडकतो, म्हणून हे नाव. एरवी तो धक्क्यावरूनच बोलायला सुरुवात करायचा. आज त्याने नुसती मान हलवली, नळी तिच्या हातून जपून घेतली, उजेडासमोर धरली आणि मग मात्र त्याला राहवलं नाही.

"अहो बाई, हे काय! हे तपकिरी आहे!"

"दिसतंय मला."

"दिसतंय म्हणे! अहो, नाचा की जरा! माझी मुलगी पास झाली तेव्हासुद्धा मी एवढा..." त्याने वाक्य सोडलं आणि गालावर हात ठेवला. "आणि नाक काय म्हणतं?"

"नाक म्हणतंय, नळी आत न्या."

थंड खोलीत समुद्राच्या तळाइतकाच गारवा ठेवलेला असतो, गाळाला आपण घर सोडून आलोय हे कळू नये म्हणून. त्यांनी नळी चौकटीत बसवली आणि ऑक्सिजन मोजणारी सुई वर टांगली. ही सुई केसाहून बारीक, काचेची. ती पाण्यातून गाळात केसभर उतरते, थांबते, मोजते, पुन्हा केसभर. घाई केली तर तुटते. गाळही आधी स्थिरावू द्यावा लागतो. चकत्या कापायच्या त्या सगळ्यात शेवटी, मोजणी पुरी झाल्यावर, संध्याकाळी. कारण एकदा कापलेला गाळ पुन्हा जोडता येत नाही. हा क्रम तिनेच घालून दिला होता आणि तो मोडणाऱ्याला तिने आजवर क्षमा केली नव्हती. आज तिला स्वतःला तो मोडावासा वाटला. खालच्या काळ्यात वास असणारच, तो गाळ जुना होता, वाईट वर्षांचा होता. बूच खालून काढायचं, बोटभर गाळ घ्यायचा, नाकाशी धरायचा, संपलं. तिचा हात चौकटीकडे गेलासुद्धा. मग तिने तो खिशात घातला. सुई उतरायला लागली होती, आणि स्वतःच्या भीतीपायी सुई तोडण्याइतकी काही ती वाहवत गेलेली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत ती हात धुवायला गेली आणि साबणाची वडी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. वास येत होता. हिरवट, लिंबाचा. पण वडी हिरवी होती आणि कागदावर लिंबू होतं. तिने डोळे मिटले, तरी हातात वडी आहे हे तिला ठाऊकच होतं. आपण एखादी गोष्ट ठाऊक नसलेल्या अवस्थेत कसं जायचं? चहा घेतला, गरम आणि गोड लागला, गरम आणि गोड हे जिभेचं काम. तिने जिन्यातल्या खिडकीशी उभं राहून बहिणीला फोन लावला.

"ताई, आईचं नक्की कधी सुरू झालं ग?"

"का? काय झालं तुला?" ताईने श्वाससुद्धा घेतला नाही.

"मला काय व्हायचंय. सहज विचारलं."

"तू सहज कधी काही विचारलंयस? लहानपणी पाणी मागायचीस ते पण कारण सांगून. बोल, काय झालं."

"सकाळी दूध करपलं."

"माझं रोज करपतं."

"मला वास आला नाही, ताई."

मग ताई वेगळ्या, हळू आवाजात म्हणाली, "हे बघ. आईने पंचवीस वर्षं आपल्याला मामा बनवलं. तू एका सकाळीत फोन केलास. तुझं आणि तिचं एक नाही." आणि मग तिला तेवढ्यावर थांबवेना. "शिवाय तू मेली लहानपणापासून दूध करपवतेस. लक्ष कुठे असतं तुझं? डॉक्टरकडे जा, मी येते हवं तर. की तुझ्या त्या चिखलाला विचारणार आहेस?"

"चिखल नाही ग, गाळ."

"तेच ते, धुवायचा साबण एकच," ताई म्हणाली आणि दोघींना हसू आलं, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने जिन्यातून वर येणाऱ्या कुणाला दिसू दिलं नाही. आईचे वरचे थर आधी गेले होते. सकाळचं जेवण, कालचा पाहुणा, जावयांची नावं; खाली मात्र शाळेतल्या बाकावरचा डाग शेवटपर्यंत जसाच्या तसा. उपमा अगदी आयती होती, आणि म्हणूनच ती तिला पटली नाही. गाळ विसरत नाही. गाळात वरचा थर बिघडतो तसा सुधारतोही. आईच्या बाबतीत तसं काही झालं नाही. दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसल्या म्हणून त्या एक होत नाहीत, हे ती नवीन मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायची. तिने नाक पुसलं आणि बैठकीला गेली.

बैठक बंदराच्या कचेरीत होती, लांबट टेबलाच्या खोलीत, जिच्या खिडकीतून पाणी दिसतं आणि जिथे कुणीही खिडकीकडे तोंड करून बसत नाही. बंदराचा मुख्य अभियंता भला माणूस होता आणि त्याच्याकडे भलं मोठं यंत्र होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं: दुखणं तळाशी आहे असं बाईच सांगतात, तर तळ खरवडून काढू. घाण गेली की दुखणं गेलं. पडद्यावर त्याने यंत्राचं चित्र दाखवलं. बादल्यांची माळ तळाला दात लावत होती. अध्यक्षीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

ती उठली. उभं राहिल्यावर तिला नेहमी वाटायचं तसंच आजही वाटलं, की पाय जमिनीवर आहेत आणि जमीन आपल्या ओळखीची आहे. भीती कुठेतरी खाली होती, पण ती या खोलीतली नव्हती. तिने दुपारचा आलेख लावला. सुई गाळात शिरल्यावरही ऑक्सिजन लगेच शून्य झाला नव्हता. रेघ तिरकी होत, रेंगाळत खाली गेली होती. "आज सकाळपर्यंत मी तुमच्या बाजूने अर्धी तरी होते," ती अभियंत्याला म्हणाली. "आता नाही. वरचा पापुद्रा जिवंत व्हायला लागलाय. त्यात लोखंड पुन्हा फॉस्फरस धरून ठेवतंय. खालची घाण आहे तिथेच आहे, पण तिच्यावर झाकण आलंय. तुमचं यंत्र आधी झाकण काढेल, आणि मग पातेलं ढवळेल."

"नखाएवढं झाकण," अभियंता म्हणाला, "त्यावर एवढ्या शहराने भरवसा ठेवायचा?"

"जखमेवरची खपली केवढी असते? तिच्यावर ठेवतोच की आपण. खाजवत नाही, एवढंच."

टेबलाभोवती हसू फिरलं. अभियंताही हसला, मागे रेलला आणि म्हणाला, "बाई, आलेख-बिलेख आम्हाला कळत नाहीत. आम्ही या पाण्याशेजारी वाढलोय, तो वास आम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच इतकी वर्षं सांगताय, समुद्र सुधारला की वास येणार नाही. मग एक सांगा, हो की नाही. आज नाक काय म्हणालं?"

सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि तिला दिसत होतं की एका वाक्यात बैठक संपेल. गाळाला वास नव्हता. या खोलीतल्या प्रत्येकाला कळणारं, आलेखाहून शंभरपट जड वाक्य. आणि वर खरं. फॉस्फरस तिच्याकडे बघून भुवया उडवत होता, सांगा की, सांगा. तिने टेबलावरचा पाण्याचा पेला सरळ केला.

"मला वास आला नाही," ती म्हणाली. "पण तो पुरावा धरू नका."

"का बरं?"

"नाक माझ्या एकटीचं आहे. आज त्यावर शहर उभं करायचं आणि उद्या मला सर्दी झाली तर? सुई बघा. सुईला सर्दी होत नाही."

अध्यक्षीणबाई पहिल्यांदाच आलेखाकडे नीट बघायला पुढे वाकल्या, रेघ कुठे वळते ते त्यांनी बोट ठेवून विचारलं, तिने सांगितलं, त्यांनी पुन्हा विचारलं. शेवटी त्या म्हणाल्या की या वर्षी तळाला हात लावायचा नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी जागी नळ्या काढायच्या. अभियंता जाताना दारात तिला म्हणाला, "माझं यंत्र रुसलं बघा तुमच्यावर." ती म्हणाली, "त्याला सांगा, गोदीतला गाळ तुमचाच आहे." जिना उतरताना तिला जाणवलं की आपण जिंकलोय, आणि जी खात्री सकाळपासून करून घ्यायची आहे ती अजून झालेलीच नाही.

संध्याकाळी खिडक्यांवर अजून उजेड होता. थंड खोलीत सुईचं काम संपलं होतं. फॉस्फरस कुठेतरी जाऊन आला आणि गप्प गप्पच हातमोजे चढवू लागला. तिने नळीखाली दट्ट्या लावला. पेच फिरवला की गाळ खालून वर सरकतो, काठावर आला की पातळ पत्र्याने चकती कापायची आणि झाकणाच्या डबीत टाकायची. पहिली चकती तपकिरी होती. कापताना तिला त्यात एक भोक दिसलं, टाचणीच्या डोक्याएवढं, आतून तपकिरी अस्तर लावलेलं, खालच्या काळ्यात उतरत गेलेलं. किडा. कुणीतरी या तळाशी राहायला आलं होतं आणि आपल्या बिळातून वरचं पाणी खाली नेत होतं, स्वतःच्या श्वासापुरतं. तिने ते फॉस्फरसला दाखवलं, आणि तो इतका वेळ भोकाकडे बघत राहिला की तिलाच म्हणावं लागलं, "पुढची डबी." मग करडा, मग काळा, मग त्याहून काळा. डब्यांची झाकणं ती स्वतः, पटापट, श्वास रोखून लावत होती. काळ्या चकत्या कापताना तिला वास आला असं वाटलं. वाटलंच. काळं दिसलं की येणारच तो. आईलाही आला असता.

"आता एक करायचं," ती म्हणाली. "मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून उभी राहते. तुम्ही डब्या हव्या तशा फिरवा. एकेक उघडून माझ्या नाकाशी धरायची. कुठली ते सांगायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही."

"आंधळी कोशिंबीर? या वयात?"

"पद्धत आहे."

"ही कुठली पद्धत? मी नाही कधी..." तो बोलता बोलता थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं असावं. ती तोवर वळली होती. त्याच्या आवाजातला भडका उतरला. "बरं," तो म्हणाला. "उभ्या राहा."

डोळ्यांपुढे तांबूस अंधार होता आणि थंडीने कानाच्या पाळ्या दुखत होत्या. मागे डब्या टेबलावर घासल्या गेल्या, बराच वेळ, मुद्दाम घोळ घालण्यासाठी. झाकण उघडल्याचा टक् असा आवाज. नाकापुढे थंड काहीतरी आलं. तिने श्वास घेतला. काही नाही. "नाही," ती म्हणाली. टक्. पुन्हा थंड. पुन्हा श्वास, खोल, बरगड्या ताणून. काही नाही. "नाही." आपला आवाज तिला आईसारखा हसरा वाटला. बाटलीत काही आहे का? तिने भिंतीला बोटं टेकवली. दोन्ही डब्या वरच्याच असतील, त्याने खोडसाळपणे ठेवल्या असतील; किंवा नसतील. अमुकच असेल असं धरायचं नाही, एवढं एकच काम होतं आणि ते तिने केलं. टक्.

वास आला नाही, तो आदळला. नाकातून सरळ टाळूपर्यंत, पिवळा, चिकट, कुजका, पहिल्या वर्षीच्या होडीसकट, कडेवरच्या ओकारीसकट. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "आहे," ती म्हणाली. "उग्र." तरीही मनाचा एक कोपरा म्हणत होता, तिसरी वाईट असणार असं तुला वाटतच होतं, आठवण पुरवतेय. पण त्या घाणीच्या कडेला आणखी काहीतरी होतं, तिखट, उष्ण, लाकडासारखं, इथे असायला काहीच कारण नसलेलं. तिने न मागितलेलं, न पाहिलेलं.

"आणि तुम्ही लवंग चघळताय," ती म्हणाली.

मग फॉस्फरस ओशाळून म्हणाला, "दाढ ठणकतेय दोन दिवस. घरीसुद्धा बोललो नाही, लगेच उपटायला पाठवतील. आत्ता बैठकीनंतर ठेवली गालात." आणि जरा थांबून, "गालाआडून, डबीआडून, एवढ्या घाणीतून तुम्हाला लवंग कळली? अहो, हे नाक आहे की काय आहे!"

तिने डोळे उघडले. त्याच्या हातात सगळ्यांत खालच्या चकतीची डबी होती, आणि तोंड त्याने शक्य तितकं लांब वळवलं होतं. दूध करपलं ते मग नुसतंच करपलं होतं. ताईला हे रात्री सांगायचं, म्हणजे ती म्हणेल, मी काय सांगत होते. तिने बाहीने डोळे पुसले.

"ती पहिली द्या पुन्हा," ती म्हणाली.

"पहिली? तिच्यात काही नव्हतं."

"तेच."

त्याने तपकिरी चकतीची डबी उघडून तिच्या हातात दिली. ती भिंतीला टेकली, डबी नाकाशी धरली, आणि तिथे नसलेला तो वास तिने छाती भरून आत घेतला.